लॅपटॉपला शेजाऱ्यांची वायफाय दिसतात, घरचंच दिसत नाही

चिपळूणच्या एका काकांनी विचारलंय. लॅपटॉप २०१९ चा, मुलाने अमेरिकेतून येताना आणलेला. घरात केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, म्हणजे राउटर. गेल्या पावसाळ्यापासून लॅपटॉपच्या यादीतून घरच्या वायफायचं नावच मधूनमधून गायब होतं. त्याच वेळी घरातले दोन्ही मोबाइल त्याच वायफायवर मजेत चालू असतात आणि लॅपटॉपला शेजारच्या चार घरांची नावं दिसत असतात. काकांनी ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने टाकला, दोन दिवस चाललं, परत गेलं. विंडोज रिसेट केली, आठवडाभर चाललं, परत गेलं. मग लॅपटॉप दुकानात नेला, तर तिथे एकदम झकास. दुकानदाराचं म्हणणं, आतलं वायफाय कार्ड मरायला टेकलंय, बदलूया, साडेचार हजार होतील. काका विचारतात, बदलू का?

काका, इतक्यात बदलू नका. आधी एक कागद, एक पेन आणि तासभर वेळ काढा. माझा अंदाज खरा निघाला तर हे काम फुकटात होईल. चुकला तर साडेचार हजार कुठे पळून जात नाहीत.

मी कोल्हापुरात वीसेक वर्षं लॅपटॉप आणि नेटवर्कची कामं करतोय. ‘वायफाय येत नाही’ या एका वाक्याखाली लोक तीन वेगळी दुखणी घेऊन येतात. एक, नाव दिसतं, जोडलंही जातं, पण नेट चालत नाही. दोन, नाव दिसतं, पण पासवर्ड टाकूनही जोडलं जात नाही. तीन, नावच दिसत नाही. यातलं तुमचं तिसरं, आणि ते तुम्ही स्पष्ट लिहिलंत हे फार बरं केलंत. कारण पहिल्या दोन दुखण्यांवरची औषधं, म्हणजे पासवर्ड पुन्हा टाकणं, नेटवर्क ‘फर्गेट’ करणं, डीएनएस बदलणं, ही इथे काडीच्या कामाची नाहीत. जी हाक लॅपटॉपच्या कानावरच पडत नाही, तिच्या पासवर्डशी त्याला काय देणंघेणं?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण निम्मे लोक इथे गोंधळतात. फायबर तुटलेली असो, बिल थकलेलं असो, डब्यावर लाल दिवा लुकलुकत असो, वायफायचं नाव तरीही दिसायलाच हवं. नाव घरातला डबा स्वतः पसरवत असतो, ते बाहेरून येत नाही. तेव्हा ‘लाइनचाच काहीतरी प्रॉब्लेम असेल’ ही शक्यता तुमच्या बाबतीत बाद.

आता डबा हे नाव पसरवतो कसं ते बघू. तो सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडतो, मी अमुक नावाचा, इथे आहे. लॅपटॉपचं वायफाय कार्ड एकेका चॅनलवर (रेडिओच्या स्टेशनांसारख्या या ठरलेल्या जागा) क्षणभर थांबून या हाका ऐकतं, कधी स्वतःही ‘कोण आहे का इथे?’ असं विचारतं, आणि जी उत्तरं मिळतील त्यांची यादी तुमच्यासमोर ठेवतं. म्हणजे नाव न दिसण्याची कारणं मुळात तीनच उरतात. डबा बोलतच नाही, लॅपटॉपचे कान गेलेत, किंवा डबा ज्या चॅनलवर बोलतोय तिथे लॅपटॉप कान लावतच नाही.

मोबाइल चालू आहेत, म्हणजे डबा बोलतोय. शेजाऱ्यांची चार नावं दिसतात, म्हणजे कान शाबूत आहेत. दोन भिंती पलीकडचं ऐकू येणाऱ्याला एकाच खोलीतलं ऐकू येत नाही, हे बहिरेपणाचं लक्षण नव्हे. राहिली तिसरी शक्यता.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून एक वाक्य टाकलंय, ‘बहुतेक वेळा लाइट जाऊन आल्यावर होतं, पण दर वेळी नाही.’ काका, अख्ख्या प्रश्नात सगळ्यात मोलाचं वाक्य हेच आहे. ड्रायव्हर, रिसेट, दुकान यांवर तुम्ही दहा ओळी लिहिल्यात. माझं लक्ष मात्र या एका ओळीवर अडकलं.

लाइट गेली की लॅपटॉपला काही होत नाही, त्याला बॅटरी आहे. बंद होऊन पुन्हा सुरू होतो तो डबा. आणि बहुतेक डब्यांत चॅनलची निवड कारखान्यातूनच ‘ऑटो’वर असते. सुरू होताना डबा आजूबाजूला कोण कुठे बोलतंय ते बघतो आणि त्यातल्या त्यात मोकळा चॅनल धरतो. बरेच स्वस्त डबे हे काम फक्त सुरू होतानाच करतात, मग पुढचा वीजपुरवठा तुटेपर्यंत त्याच चॅनलवर बसून राहतात. चिपळूणच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. प्रत्येक खेपेला डबा नव्याने चिठ्ठी काढतोय म्हणा ना.

२.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या रेडिओ पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे तेरा चॅनल वापरता येतात. हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत. अमेरिकेत मात्र व्यवहारात १ ते ११ च वापरतात. तिथे २४८३.५ च्या पुढचा पट्टा उपग्रह फोनसाठी जपलेला आहे आणि त्यात जराही आवाज सांडू नये यासाठीचे नियम कडक आहेत. चॅनल १२ आणि १३ त्या सीमेला इतके चिकटून आहेत की तिथे विकायच्या उपकरणांत कंपन्या ते बंदच ठेवणं पसंत करतात.

आता जोडून बघा. अमेरिकेतून आलेला लॅपटॉप. त्याच्या कार्डाच्या आत, छोट्याशा मेमरीत, ‘तू अमेरिकेचा आहेस’ असं कारखान्यात कोरलेलं. त्याचा काटा ११ च्या पुढे सरकतच नाही. चिपळूणला शेजारीपाजारी १, ६, ११ वर गर्दी करून बसलेले. तुमचा डबा लाइट आल्यावर बघतो, १२-१३ कडे मोकळं दिसतंय, आणि जाऊन बसतो तेराव्यावर. इथे घेतलेल्या मोबाइलांना तेरावा ऐकू येतो, त्यांना काही फरक पडत नाही. तुमच्या लॅपटॉपच्या लेखी डबा घरातून निघून गेला.

दुकानात लॅपटॉप झकास का चालला, त्याचंही उत्तर यातच आहे. त्यांचा राउटर तेव्हा १ ते ११ च्या आत कुठेतरी होता, एवढंच. दुखणं लॅपटॉपबरोबर दुकानात गेलंच नव्हतं. ते लॅपटॉप आणि तुमचा डबा यांच्या मध्ये आहे, आणि डबा घरी राहिला.

या दुखण्याने मलाही चांगलंच फिरवलंय. सात-आठ वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका गृहस्थांचा लॅपटॉप तीनदा दुकानात आला, न्यू जर्सीहून भाच्याने पाठवलेला. पहिल्यांदा मी ड्रायव्हर टाकला, दोन तास चालवून बघितला, दिला. दुसऱ्यांदा खोलून कार्ड काढलं, टोकं खोडरबरने पुसली, अँटेनाच्या तारा नीट बसवल्या, दिला. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसता लॅपटॉप काउंटरवर ठेवला. ते न बोलणं मला फार लागलं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. राउटर शोकेसवर, गणपतीच्या मूर्तीच्या मागे. लॅपटॉप त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवला तरी नाव नाही. मग सहज म्हणून माझ्या मोबाइलवर वायफाय तपासायचं अॅप उघडलं. त्यात प्रत्येक राउटरची एकेक कमान दिसते. सगळ्या कमानी डावीकडे आणि मध्ये दाटीने, आणि एकटी यांची कमान अगदी उजव्या टोकाला, खाली आकडा १३. तिथेच कपाळावर हात मारला. चॅनल ६ केला, लॅपटॉपवर नाव आलं. काकूंनी चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत काम झालेलं होतं. पैसे मागायची लाज वाटली.

यात एक मोठी मेख आहे. मधूनच येणारं-जाणारं दुखणं असलं की शेवटी केलेल्या उपायाला फुकटचं श्रेय मिळतं. तुम्ही ड्रायव्हर टाकलात आणि दोन दिवस चाललं. त्या वेळी ‘सगळंच एकदा बंद करून चालू करू’ म्हणून डबाही बंद-चालू केला होतात का, आठवून बघा. केला असेल तर त्या खेपेला डबा सहाव्यावर बसला आणि नाव ड्रायव्हरचं झालं. रिसेटचंही तेच. आणि खरी गंमत पुढे आहे. साडेचार हजार देऊन इथलं नवं कार्ड बसवलं असतं तर दुखणं कायमचं गेलं असतं, कारण इथल्या कार्डाला १३ ऐकू येतो. दुकानदाराचं निदान बरोबर होतं असंच तुम्हाला आणि त्यालाही वाटलं असतं. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. दुकानात बसून यापेक्षा वेगळं त्याला दिसणारच नाही, मलाही दोन खेपा दिसलं नव्हतं.

आता करायचं काय ते सांगतो. कोणाच्या अॅंड्रॉइड मोबाइलवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अॅप उतरवून घ्या. त्यात आपल्या वायफायच्या नावासमोरचा चॅनलचा आकडा बघा. लॅपटॉपवर नाव दिसतंय की नाही तेही बघा. दोन्ही कागदावर लिहा. मग डब्याचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा, तीन-चार मिनिटं जाऊ द्या, पुन्हा दोन्ही नोंदी करा. असं पाच-सहा वेळा. दर वेळी चॅनल बदलेलच असं नाही. बदलत नसेल तर लाइट जाऊन आल्यावर दोन-चार दिवस कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहीत चला. ज्या ज्या वेळी आकडा १२ किंवा १३, त्या त्या वेळी लॅपटॉपवर नाव नाही, आणि बाकीच्या वेळी आहे, असं जुळलं की खटला संपला.

थांबायचा धीर नसेल तर सरळ डब्याच्या सेटिंगमध्ये शिरा. मोबाइल घरच्या वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा बंद करा (चालू राहिला तर कधी कधी हे पान उघडतच नाही), आणि ब्राउझरमध्ये डब्याच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो, काही डब्यांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१००.१. टाकताना इंग्रजी आकड्यांत टाकायचा. लॉगिन आणि पासवर्ड त्याच स्टिकरवर असतो. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, हे लक्षात ठेवा. आत वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाचा भाग शोधा, त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या खाली ‘चॅनल’ आणि त्यासमोर ‘ऑटो’ असेल. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोबाइलच्या अॅपमध्ये कमी गर्दीचा दिसला तो निवडा. शेजारीच ‘चॅनल विड्थ’ किंवा ‘बँडविड्थ’ असेल, ती २० मेगाहर्ट्झ ठेवा. सेव्ह करा. अर्धा मिनिट सगळ्यांचं वायफाय जाईल, घाबरू नका, परत येईल.

हे तीनच आकडे का, असं विचाराल. चॅनल एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले आहेत, पण बोलताना प्रत्येकाला वीसेक मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे ३ वर बसलेला माणूस १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. १, ६ आणि ११ हे तिघे मात्र एकमेकांच्या अंगणात येत नाहीत.

खात्री करायची असेल तर मुद्दाम चॅनल १३ करून बघा. लॅपटॉपवरचं नाव मिनिटभरात गेलं आणि ६ केल्यावर परत आलं, तर मला आणखी काही सांगायची गरज नाही.

त्याच पानावर ‘कंट्री’ किंवा ‘रीजन’ असाही पर्याय सापडेल. तिथे अमेरिका निवडली की ऑटो आपोआप ११ च्या आत राहतो, असा सल्ला कोणीतरी देईलच. करू नका. त्याने कुठला चॅनल किती ताकदीने वापरायचा याचे नियमही बदलतात, आणि आपला डबा आपल्या देशाच्या नियमांत राहिलेला बरा. चॅनल ठरवून दिला की काम होतं.

आता माझा अंदाज कुठे लंगडा पडू शकतो तेही सांगायला हवं. अमेरिकेतून आलेला प्रत्येक लॅपटॉप असा नसतो. गेल्या दहा वर्षांतली बरीच इंटेलची कार्डं आजूबाजूच्या राउटरांच्या संदेशांतून आपण कुठल्या देशात आहोत हे ओळखतात आणि १२-१३ उघडतात. काही कार्डं तिथे स्वतः काही विचारत नाहीत, फक्त ऐकतात. त्यांना नाव उशिरा, कधी दिसतं कधी नाही, असं होतं. काही जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरमध्येच, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबखाली, देशाचा पर्याय असतो आणि तिथे १-१३ निवडता येतं. तुमचं कार्ड कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याने फारसं बिघडत नाही. वरची कागदावरची नोंद कुठल्याही कार्डाला लागू पडते. विंडोज रिसेट करून मात्र यात काही साधत नाही. देशाची खूण कार्डात कोरलेली असेल तर विंडोज दहा वेळा पुसलीत तरी ती तिथेच राहते.

दुसरी गोष्ट. तुमचा डबा फक्त २.४ चाच आहे असं मी धरून चाललोय. केबलवाले देतात ते बरेच डबे अजून तसेच असतात, आणि तुम्ही एकच नाव लिहिलंय. डबा दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा असेल तर तुमच्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झवरून तरी नाव दिसायला हवं होतं, निदान त्याच खोलीत. ५ चा पल्ला कमी. जांभा दगडाच्या जाड भिंतींपलीकडे तो मान टाकतो. तसं असेल तर लॅपटॉप डब्याजवळ नेऊन बघा. जवळ दिसतं आणि आतल्या खोलीत जातं, असं झालं तरी निदान बहुतेक हेच राहील, फक्त थोडं झाकलेलं. आणि ५ चा चॅनल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ मधला ठेवा. मधले बरेच चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, तिथे कार्डं जपून वागतात आणि काही डबेही सुरू झाल्यावर मिनिटभर गप्प राहून कानोसा घेतात. (नावापुढे ‘५जी’ दिसलं तर त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. हे मी दिवसातून दोनदा सांगतो.)

नोंदी जुळल्या नाहीत, म्हणजे चॅनल ६ असतानाही नाव गायब होत असेल, तर पुढची तपासणी वेगळी. तिथे मी आधी विचारेन की लॅपटॉपची बिजागरी कधी दुरुस्त केली होती का, किंवा स्क्रीन बदलली होती का. बऱ्याच लॅपटॉपांत वायफायची अँटेना स्क्रीनच्या कडेला असते. तिथून दोन बारीक तारा, एक काळी एक पांढरी, बिजागरीतून खाली येतात आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या पितळी टोपणाने कार्डावर टच्च बसतात. ती टोपणं नीट बसली नाहीत किंवा तार बिजागरीत चेपली, तर लॅपटॉप अर्धबहिरा होतो. स्क्रीन एका कोनात असताना नाव दिसतं, मागे ढकलली की जातं. पण अशा लॅपटॉपला लांबची नावं आधी दिसेनाशी होतात आणि जवळचं सगळ्यात शेवटी. तुमचं नेमकं उलटं आहे, म्हणून मी याला मागे ठेवलं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी काहींची तक्रार अशी असेल की नवा डबा बसवला त्या दिवसापासून एकदाही नाव दिसलं नाही. येतं-जातं नाही, कायमचंच नाही. त्यांनी चॅनलच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. लॅपटॉप जुना, स्वस्तातला असेल तर त्याचं कार्ड नुसतं २.४ चं असू शकतं. डब्यात २.४ बंद असेल तर तो काय बघणार? दुसरी, नवा डबा वायफाय ६ चा (ही वायफायची नवी पिढी, चॅनल ६ नव्हे) आणि लॅपटॉपात इंटेलचं आधीच्या पिढीचं कार्ड असेल, तर जुन्या ड्रायव्हरला नव्या डब्याचं नावच दिसत नाही. इथे मात्र ड्रायव्हर नवा टाकणं हेच औषध, आणि ते एकदा लागू पडलं की पडलंच.

आणि एकही नाव दिसत नसेल, शेजारच्यांचंही नाही, तर ती सरळसरळ लॅपटॉपची बाब. एअरप्लेन मोड, कीबोर्डवरचं वायफायचं बटण, जुन्या लॅपटॉपांच्या पुढच्या कडेला असणारा तो चिमुकला सरकता खटका (नातवंडं खेळताना सरकवतात आणि आजोबा दुकानात येतात), डिव्हाइस मॅनेजरमध्ये बंद पडलेलं कार्ड. वायफायचं चिन्हच गेलं असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. लोकांना तो जादूटोणा वाटतो, पण अडकून बसलेलं कार्ड यामुळे कितीदा तरी जागं झालेलं मी पाहिलंय.

थोडक्यात काका, तुमच्यापुरतं एवढंच. आधी नोंद, मग चॅनल ठरवून देणं. केबलवाल्याने डब्याचं लॉगिन बदलून ठेवलं असेल आणि तुम्हाला आत शिरता येत नसेल, तर त्याला फोन करून ‘नेट बंद आहे’ असं म्हणू नका. तसं म्हटलंत की तो ‘रीस्टार्ट करा’ म्हणेल, नवी चिठ्ठी निघेल, सहावा चॅनल आला तर दोघेही खूश आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. त्याला स्पष्ट सांगा, २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून ६ वर फिक्स करून दे. बरेच जण ते ऑफिसात बसूनच करू शकतात, दोन मिनिटांचं काम आहे.

डब्याला छोटा यूपीएस लावला की लाइट जाऊनही डबा बंद पडणार नाही, असं कोणी सुचवलं तर यूपीएस जरूर घ्या. कोकणात तो असायलाच हवा. पण चॅनल आधी ठरवा, नंतर यूपीएस. उलटं केलंत तर दुखणं महिना-दोन महिने झाकून राहील आणि नेमकं नको त्या दिवशी वर येईल.

डबा अगदीच हाताबाहेरचा असेल, केबलवालाही ऐकत नसेल, तरीसुद्धा लॅपटॉप उघडायची गरज नाही. यूएसबीला लावायचं इथल्या बाजारातलं छोटं वायफाय अडॅप्टर घ्या, साधं पाचशेच्या आसपास मिळतं, दोन्ही पट्ट्यांचं हजाराच्या पुढे. त्याला १३ ऐकू येतो. आतलं कार्डच बदलायचं ठरवलंत, तर आधी विचारा की साडेचार हजारांत कार्डाचे किती आणि मजुरीचे किती. नुसतं कार्ड साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतं.

आणि चॅनल ठरवून झाला की एक काम आठवणीने करा. कागदी चिकटपट्टीचा तुकडा घ्या, त्यावर मार्करने ‘२.४ – चॅनल ६, ऑटो करू नये’ असं लिहा आणि डब्याच्या वरच्या बाजूला चिकटवा. कधीतरी केबलवाल्याचा पोऱ्या येईल, टाचणीने डबा फॅक्टरी रिसेट करून जाईल किंवा नवाच डबा बसवेल, आणि सेटिंग पुन्हा ऑटोवर जाईल. तोवर तुम्ही हे सगळं विसरलेले असाल. मीही विसरलेलो असेन.